पूरमदतीची यादी आणि बँक खाते क्रमांक : माहिती अधिकारातील एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि आकडे बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. त्यानंतरचे दोन-तीन महिने कोल्हापूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या तहसील कार्यालयांचे काम ठरलेले असते : स्थलांतर, पाणी ओसरले की पंचनामे, मग याद्या, मग सानुग्रह अनुदान खात्यावर. यादीच्या मागोमाग माहिती अधिकाराचे अर्जही ठरलेलेच.

या गावात सुमारे सहाशे कुटुंबांना घरात पाणी शिरल्याबद्दल मदत मिळाली. मंजुरीपूर्वी यादी चावडीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर हरकतींसाठी लावली होती. तिच्यात नाव, घर क्रमांक आणि नुकसानीचा प्रकार एवढेच होते. पैसे जमा झाल्यावर गावात चर्चा सुरू झाली की, ज्या गल्लीत पाणी आलेच नाही तिथल्या काही नावांवर अनुदान निघाले आहे आणि काहींचे पैसे एकाच खात्यात गेले आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये गावातल्याच एका गृहस्थाने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एक विषय आणि साधारण दीडशे शब्द, दोन्ही अटी त्याने पाळल्या होत्या. मागणी चार गोष्टींची होती. लाभार्थ्यांची रकमेसह पूर्ण यादी. प्रत्येकाचा बँक खाते क्रमांक, आयएफएससी आणि आधार क्रमांक. सर्व पंचनाम्यांच्या छायाचित्रांसह प्रती. आणि तक्रारीनंतर मंडळ अधिकाऱ्यांनी केलेल्या फेरपडताळणीचा अहवाल, तलाठ्याला दिलेल्या कारणे दाखवा नोटिशीसह.

कायदा नुकताच बदलला होता

अर्ज महिनाभर आधी आला असता तर प्रकरण वेगळे झाले असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी तोलण्याची जागा होती. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होत असेल, तरच ती नाकारता येई. आणि व्यापक लोकहित दिसले तर जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जावर पहिला निर्णय देणारा अधिकारी, स्वतःच ती देऊ शकत असे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळे काढून टाकले आणि तिथे फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढाच अपवाद ठेवला. संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे परंतुकही गेले. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली.

कलम ८(२) मात्र शिल्लक राहिले. माहिती उघड केल्याने साधणारे लोकहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर ८(१) मधले अपवाद बाजूला ठेवून माहिती देता येते, असे ते सांगते. पण हा अधिकार कायद्याने ‘सार्वजनिक प्राधिकरणा’ला, म्हणजे संस्था म्हणून त्या सरकारी यंत्रणेला, दिला आहे, जन माहिती अधिकाऱ्याला नाही. हा फरक पूर्वी फारसा कोणी मनावर घेत नसे, कारण ८(१)(ञ) मध्येच काम भागत होते. या प्रकरणात घोडे नेमके तिथेच अडले.

कार्यालयाने आधी काय केले

जन माहिती अधिकारी नायब तहसीलदार. त्यांनी पहिले दोन आठवडे अर्ज तलाठ्याकडे ‘माहिती सादर करावी’ म्हणून पाठवून काढले. मग कोणीतरी सुचवले की त्रयस्थ पक्षाची (अर्जदार आणि कार्यालय सोडून तिसऱ्याच व्यक्तीची) माहिती आहे, नोटिसा काढा. कलम ११ प्रमाणे नोटीस अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत निघायला हवी. ती निघाली एकोणिसाव्या दिवशी, आणि तीही सरसकट सहाशे जणांना. सत्तरच्या आसपास हरकती आल्या. त्यातल्या बऱ्याच एकाच छापील मजकुराच्या, फक्त सही वेगळी.

शेवटी चौतिसाव्या दिवशी दोन ओळींचे पत्र गेले : ‘मागणी केलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे.’ कोणती माहिती, का, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, यातले काहीही पत्रात नव्हते. कलम ७(८) प्रमाणे कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणे बंधनकारक आहे. अर्जदाराने वीस रुपयांचा स्टॅम्प लावून तहसीलदारांकडे पहिले अपील केले, आणि तिथून फाइल अभिप्रायासाठी कसबा बावड्यातील न्यायसंकुलात सहायक सरकारी वकिलांकडे आली. अपिलाला तीस दिवस, कारणे नोंदवून फार तर पंचेचाळीस. त्यातले नऊ दिवस संपले होते.

समोर असलेले पर्याय

कार्यालयाचा कल नकार कायम ठेवण्याकडे होता. ‘माणूस पॅनेलचा आहे, मॅडम, निवडणुकीचा राग काढतोय,’ असे फाइल घेऊन आलेल्या अव्वल कारकुनाने सांगितले. हे खरे असेलही. पण कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही, म्हणून हेतूचा मुद्दा अभिप्रायात आलाच नाही. नव्या ८(१)(ञ) ची भाषा इतकी रुंद आहे की नुसता नकार कदाचित टिकलाही असता. अडचण अशी की कलम १९(५) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते, आणि फलकावर लावलेली नावे ‘वैयक्तिक’ म्हणून लपवली असे दुसऱ्या अपिलात राज्य माहिती आयोगासमोर सांगणे जड गेले असते.

दुसऱ्या टोकाला ‘सगळे देऊन टाका, आपल्या अंगावर नको’ हा पर्याय होता. नाकारले तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड स्वतःच्या खिशातून जातो, ही भीती त्यामागे होती. पण कलम २० चा दंड वाजवी कारणाशिवाय केलेल्या विलंबाला आणि दुष्ट हेतूने केलेल्या नकाराला आहे. सकारण अंशतः नकाराला तो लागत नाही. उलट आधार क्रमांक जाहीर करण्याला आधार कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे.

तिसरा पर्याय तपासणीचा : अर्जदाराला बोलवावे आणि मूळ फाइल समोर ठेवावी. छपाई वाचते म्हणून कार्यालयांना हा मार्ग आवडतो. पण तपासणीत मूळ पंचनामा उघडला की पासबुकची झेरॉक्स, मोबाइल, आधार सगळे उघडते आणि मोबाइलवर फोटो निघतो. झाकायचे ते आधी न झाकता तपासणी देणे म्हणजे सगळी माहिती देणेच.

चौथा, आणि निवडलेला, मार्ग कलम १० चा. माहिती वेगळी करता येत असेल तर देण्याजोगा भाग द्यायचा. यासाठी अभिप्रायात यादीचा प्रत्येक रकाना घेऊन त्याच्यासमोर ‘द्यावा’, ‘झाकावा’ किंवा ‘८(२) चा निर्णय हवा’ असे लिहिले. रकाने होते चौदा.

रकाने कसे विभागले

नाव, घर क्रमांक, नुकसानीचा प्रकार, रक्कम, जमा दिनांक : हे द्यायचे. आधार कलम ४(१)(ख)(बारा) चा, ज्यात अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताही प्रसिद्ध करायला सांगितले आहे. इथे एक बारकावा आहे. कलम ८ ची सुरुवातच ‘या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी’ अशी आहे, म्हणजे ते कलम ४ वरही मात करते, असा युक्तिवाद विरोधी वकील नक्की करेल. त्याला उत्तर असे की कलम ८ माहिती देण्याचे ‘बंधन नाही’ म्हणते, देण्याला मनाई करत नाही. आणि फलकावर लावलेल्या नावांत जपण्यासारखे गुपित उरलेले नसते. तरीही धोका नको म्हणून ८(२) च्या निर्णयात हे रकानेही घालावेत असे सुचवले.

आधार, मोबाइल, सही : झाकायचे, चर्चा नाही.

‘शेरा’ हा रकाना कोणाच्या लक्षात आला नव्हता. पंचनामा करताना तलाठ्याने त्यात सुचेल ते लिहिले होते : ‘विधवा’, ‘मुलगा मतिमंद’, एका ठिकाणी ‘कॅन्सर पेशंट, आधी द्यावे’. मदत लवकर मिळावी म्हणून सद्भावनेने लिहिलेला हा मजकूर गावभर फिरला असता तर झालेले नुकसान भरून निघाले नसते. हा रकाना पूर्ण झाकला. अशा याद्यांमध्ये सर्वांत संवेदनशील माहिती बहुधा शेऱ्यातच सापडते. आधी तिथे पाहावे.

फेरपडताळणी अहवाल आणि कारणे दाखवा नोटीस यांना कार्यालयाने एकत्र बांधून ८(१)(ञ) बरोबर ८(१)(ज) ही लावायचे ठरवले होते, चौकशी चालू आहे म्हणून. नुसती चौकशी चालू असणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने ती कशी अडेल हे दाखवावे लागते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून दोन्ही कागद वेगळे केले. पडताळणी अहवाल सरकारी पैसा कुठे गेला याबद्दल होता, तो द्यायचा. नोटीस आणि तिचा खुलासा कर्मचाऱ्याच्या सेवेशी संबंधित होता. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने असे कागद वैयक्तिक माहितीत मोडतात. तो नाकारायचा.

राहिला खाते क्रमांक.

खाते क्रमांकाचा पेच

अर्जदाराचा खरा प्रश्न तिथेच होता : अनेक नावांचे पैसे एका खात्यात गेले का? आकडे पूर्ण झाकले तर अर्जाला अर्थ उरत नाही. पूर्ण दिले तर सहाशे घरांची नावे, शाखा आणि खाते क्रमांक एकत्र बाहेर पडतात, आणि केवायसीच्या नावाने फोन करणाऱ्यांना तयार यादी मिळते.

पहिली सूचना शेवटचे चार आकडे देण्याची होती. वरवर बरी वाटते. पण चार आकड्यांच्या शेपट्या दहा हजारच असतात, आणि सहाशे खात्यांच्या जोड्या होतात १,७९,७००. म्हणजे काहीही गैर नसताना, निव्वळ योगायोगाने, अठराएक जोड्यांचे शेवटचे चार आकडे जुळतील. गावात तेवढ्या ‘बोगस’ जोड्या जाहीर झाल्या असत्या, आणि त्यांत सापडलेली माणसे निर्दोष असती.

म्हणून खाते क्रमांकाऐवजी संकेत द्यायचा मार्ग काढला. प्रत्येक वेगळ्या खात्याला ख-१, ख-२ असा क्रम. दोन नावांचे खाते एकच असेल तर संकेतही एकच. कार्यालयाने हरकत घेतली की नवीन माहिती तयार करून देण्याचे बंधन नाही. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालाचा आधार घेतला तर ते बरोबरच. पण बंधन नाही म्हणून मनाई आहे असे नव्हे, आणि झाकण्याची पद्धत म्हणून संकेत वापरणे कलम १० च्या हेतूला धरूनच आहे.

हे काम एक्सेलमध्ये करताना पहिल्याच दिवशी चूक निघाली. ‘काउंटइफ’ सूत्राने जुळणारी खाती शोधली, तर एकाच बँकेच्या बऱ्याच ग्राहकांची खाती ‘एकच’ दाखवली गेली. कारण असे की एक्सेल आकडा म्हणून पंधराच अंक धरते. त्या बँकेचे क्रमांक सोळा अंकी होते, आणि रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी काउंटइफ तुलना करताना त्यांना आकडाच समजते. उपाय सोपा : शेजारी एक रकाना घ्यायचा, खाते क्रमांकाच्या आधी एक अक्षर जोडायचे आणि त्या रकान्यावर सूत्र चालवायचे. सुरुवातीची शून्ये उडाली नाहीत ना, हे मूळ देयक यादीशी ताडून पाहायचे. ही चूक तशीच पुढे गेली असती तर पुढचा सगळा काळजीपूर्वक विचार वाया गेला असता.

८(२) चा निर्णय कोणी घ्यायचा

संकेत दिले तरी माहिती खात्याविषयीच होती, म्हणून ८(२) चा निर्णय हवा होता. कार्यालयाने प्रस्ताव ठेवला की तहसीलदार कार्यालयप्रमुख आहेत, त्यांनीच घ्यावा. पण तहसीलदार याच प्रकरणात प्रथम अपिलीय अधिकारी होते. स्वतःच निर्णय घेऊन स्वतःच त्याच्यावरचे अपील ऐकणे, हे कोणत्याही आयोगासमोर टिकले नसते. तेव्हा तहसीलदारांनी अपिलात दोन ओळींचा नकार रद्द केला, निर्विवाद रकाने पंधरा दिवसांत देण्याचा आदेश दिला आणि खाते संकेतांपुरता प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला जन माहिती अधिकाऱ्यांना सांगितले.

प्रस्तावाची टिप्पणी दीड पानांची होती : लोकहित कोणते (सरकारी निधी, एकाच खात्यात अनेक रकमा गेल्याची नोंदलेली तक्रार, फेरपडताळणीत आढळलेल्या विसंगती), हानी कोणती (फसवणुकीचा धोका, आजारपणासारखी माहिती उघड होणे) आणि कमीत कमी किती उघड केले तर लोकहित साधते. अर्जदाराला कारण विचारता येत नसले तरी त्याने अपिलात स्वतःहून जोडलेली दोन खात्यांची माहिती इथे उपयोगी पडली. मंजुरी दहा दिवसांत आली.

इथे एक खबरदारी. जन माहिती अधिकाऱ्याच्या आदेशात ‘सरकारी वकिलांच्या अभिप्रायानुसार’ हे शब्द घालू नयेत. निर्णय त्यांचा आहे, मन त्यांनी लावायचे आहे, आणि वकिलाच्या नावावर ढकललेला आदेश पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

नोटिसांचा गुंता

कलम ११ ची नोटीस तेव्हाच लागते जेव्हा त्रयस्थ पक्षाने गोपनीय मानलेली माहिती अधिकारी देऊ इच्छितो. आधार क्रमांक द्यायचाच नव्हता, तर त्यासाठी नोटीस नको. फलकावरची नावे गोपनीय नव्हती, तिथेही नको. पण एकदा सहाशे नोटिसा निघाल्या आणि सत्तर हरकती आल्या, तेव्हा त्या कपाटात ठेवून चालत नाही. हरकत म्हणजे नकाराधिकार नसला तरी तिचा विचार करून निर्णय कळवावा लागतो, आणि त्या व्यक्तीला अपिलाचा अधिकार आहे हेही लिहावे लागते. म्हणून संकेतांची यादी सत्तर जणांना निर्णय कळवून तीस दिवस थांबूनच दिली. त्यांतल्या कोणीही अपील केले नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू झाल्याने रिट याचिकेसाठी मुंबईची वारी लागत नाही, त्यामुळे असे हरकतदार पुढे जाण्याची शक्यता आता जास्त धरावी लागते.

प्रती देताना

शुल्काचा वाद वकिलांनी सोडून द्यायला सांगितला. बाराशे पानांचे, दोन रुपयांप्रमाणे, २,४०० रुपये होत होते. पण एकोणिसाव्या दिवशी काढलेल्या नोटिशीवर तीसऐवजी चाळीस दिवसांची मुदत मिळते का, या वादात पडण्यापेक्षा मुदत चुकली असे धरून कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य देणे शहाणपणाचे होते.

सगळे पंचनामे झाकायला एका कारकुनाचे किमान आठ-दहा दिवस गेले असते. त्याऐवजी अर्जदाराला आधी यादी दिली आणि हव्या त्या नोंदी निवडायला सांगितले. त्याने साठ निवडल्या. काळ्या मार्करने खोडलेला कागद उजेडाला धरला की आकडे वाचता येतात, म्हणून खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून तीच द्यायची. यादी सॉफ्ट कॉपीत मागितली होती. तिथे रकाना ‘हाइड’ करून पाठवणे हा नेहमीचा अपघात. ‘अनहाइड’ केले की सगळे समोर. नव्या फाइलमध्ये फक्त द्यायचे रकाने ‘व्हॅल्यू’ म्हणून चिकटवले आणि त्याची पीडीएफ काढली.

काय निष्पन्न झाले

यादीत बारा संकेत एकापेक्षा जास्त वेळा आले. नऊ ठिकाणी साधे कारण निघाले : तीन भावांनी आईचे खाते दिले होते, कुठे मयत लाभार्थ्याच्या वारसाचे खाते होते, कुठे नवरा-बायकोची स्वतंत्र घरे पण खाते एक. तीन संकेतांमागे मात्र पाणी न शिरलेल्या घरांची नावे होती. जिल्हाधिकारी कार्यालयाने पुन्हा स्थळपाहणी करून वसुलीच्या नोटिसा काढल्या. पूर्ण खाते क्रमांक हवेत म्हणून अर्जदाराने राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील केले आहे. ते प्रलंबित आहे.

एक गोष्ट बिघडली. यादी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली आणि आईचे खाते देणारे तिघे भाऊ दोन दिवस ‘बोगस’ ठरले. संकेत देताना सोबत एक ओळ तरी हवी होती की समान संकेत म्हणजे गैरव्यवहार नव्हे, संयुक्त किंवा वारसाचे खाते असू शकते.

वेगळे काय करता आले असते

अर्ज आल्या दिवशीच रकाने वेगळे केले असते तर नोटिसा लागल्याच नसत्या, आणि नावे-रकमांची यादी पहिल्या आठवड्यात गेली असती. निम्मा असंतोष तिथेच शमला असता. ८(२) चा प्रस्ताव अपिलाची वाट न पाहता विसाव्या दिवसाच्या आत वर जायला हवा. तीस दिवसांत वरून निर्णय मिळवायचा तर तेवढा वेळ लागतोच. तलाठ्याकडे दोन आठवडे अडकलेल्या अर्जासाठी कलम ५(४) खाली लेखी सहाय्य मागितल्याची नोंद ठेवली असती, तर विलंबाची जबाबदारी नायब तहसीलदारांवर एकट्यावर आली नसती.

आणि पंचनाम्याचा नमुना. त्यात नाव, नुकसान, बँक, आधार, शेरा सगळे एकाच पानावर असते, म्हणून दर वेळी झाकाझाकी. नमुना दोन पानांचा करावा, पहिल्या पानावर फलकावर लावता येईल तेवढेच, बँक-आधार-शेरा दुसऱ्यावर आणि त्याची नस्ती वेगळी, अशी सूचना अभिप्रायासोबत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेली आहे. पुढचा पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. छपाईचा आदेश एप्रिलपर्यंत निघायला हवा.